मरहूम डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : ज्ञानाचे भांडवल



मुलगा बी.एस्सी. झाला किंवा मुलगी एम.एस्सी. झाली की आपल्या घरात पहिला विचार होतो तो नोकरीचा. बँकेत लागेल का, शाळेत लागेल का, आखातात कोणी ओळखीचे आहे का? हा विचार गैर नाही. घर चालवायचे असते, धाकट्यांची शिक्षणे व्हायची असतात. पण त्याच घरात एखाद्या मुलाने आपण स्वतःचा कारखाना काढणार असे म्हटले, तर सारे गप्प होतात. दुकान आपल्याला कळते, जहाजावरची नोकरी कळते. शिकलेल्या विद्येतून उद्योग कसा उभा राहतो आणि उभा राहिल्यावर टिकतो कसा, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच जवळून पाहिलेले असते.

अशा नव्या उद्योगाला हल्ली स्टार्टअप म्हणतात. नाव नवे असले तरी त्यातली परीक्षा जुनीच आहे. ती परीक्षा मुंबई शहरात ज्यांनी दिली आणि जे तीत उत्तीर्ण झाले, अशा एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. त्यांचे नाव डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद. सिप्ला या औषध कंपनीचे ते संस्थापक. या कंपनीच्या गोळ्या आपण कधी ना कधी घेतल्या असतील. ती काढणाऱ्या माणसाची हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलिगढ येथे झाला. घराणे सुशिक्षित होते. सर सय्यद अहमद खान यांनी अलिगढला जे शिक्षणकार्य उभारले, त्यातील त्यांचे एक निकटचे सहकारी ख्वाजा मुहम्मद युसूफ हे याच घराण्यातले. शिक्षणाचे महत्त्व या मुलाला कोणी पटवून द्यावे लागले नाही. शालेय शिक्षण इटावा येथे झाले. पुढे त्यांनी अलाहाबाद येथे रसायनशास्त्राचा अभ्यास केला. १९२० मध्ये असहकाराची चळवळ सुरू झाली आणि महात्मा गांधींच्या हाकेने तरुण पिढी ढवळून निघाली. सरकारी मदतीवर न चालणारी जामिया मिल्लिया इस्लामिया ही संस्था त्याच वर्षी अलिगढला स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या दिवसांत हमीद यांनी तेथे काम केले. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हे त्यांचे त्या काळातले स्नेही. आपल्या देशाची गरज आपण भागवावी, हा विचार त्यांच्या मनात रुजला तो याच काळात.

१९२४ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी युरोपला गेले. त्या काळी परदेशी शिकायला जाणारा हिंदी तरुण बहुधा इंग्लंडकडे वळे. बॅरिस्टर व्हावे, आय.सी.एस. व्हावे, ही महत्त्वाकांक्षा असे. हमीद यांनी जर्मनीची निवड केली. याचे कारण साधे होते. रंग, खते, औषधे या सर्व रासायनिक उद्योगांत जर्मनी तेव्हा जगात अग्रेसर होती. तेथे विद्यापीठातील प्रयोगशाळा आणि कारखाना यांचे निकटचे नाते होते. प्राध्यापकाने शोध लावावा आणि कारखान्याने त्याचा माल करावा, अशी पद्धत तेथे रुळलेली होती. बर्लिन विद्यापीठात हमीद यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. विद्यार्थी मित्रांनो, पदवीला बाजारात मान कोठे मिळेल हे सारेच पाहतात. विद्या कोठे सर्वांत खोल आहे, हे त्यांनी पाहिले. पुढील यशाचा पहिला दगड येथेच बसवला गेला.

बर्लिनमध्येच त्यांची ओळख लुबा देर्चान्स्का या तरुणीशी झाली. ती लिथुआनियातील ज्यू कुटुंबातली. १९२८ मध्ये बर्लिनच्या मशिदीत त्यांचा विवाह झाला. पुढे जर्मनीत हिटलरचे राज्य आले आणि युरोपातील ज्यूंवर काय प्रसंग ओढवला हे आपण जाणतोच. लुबाबाई मात्र मुंबईच्या झाल्या आणि पतीच्या धडपडीत त्यांनी जन्मभर साथ दिली.

परत येऊन हमीद यांनी औषधांचा कारखाना काढण्याचा मनसुबा केला. तो काळ कसा होता हे लक्षात घेतल्याशिवाय त्या मनसुब्याची हिंमत कळणार नाही. आपल्या देशात डॉक्टर जी औषधे लिहून देत ती मुख्यतः इंग्लंड आणि जर्मनीतून येत. आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय यांनी कलकत्त्यास बेंगॉल केमिकल हा कारखाना काढला होता, बडोद्यास १९०७ मध्ये अलेंबिक सुरू झाला होता. पण असे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. त्यातच बाजारात भेसळीचा सुळसुळाट होता. सरकारने नेमलेल्या चोप्रा समितीने १९३०-३१ मध्ये या प्रश्नाची चौकशी केली आणि औषधांवर नियंत्रण हवे असे सुचवले. त्यासाठीचा कायदा मात्र १९४० मध्ये झाला. म्हणजे हमीद यांनी कंपनी काढली तेव्हा चांगल्या औषधाला वाईटापासून वेगळे करणारी कायद्याची चाळणीच नव्हती.

औषधाचा धंदा इतर धंद्यांसारखा नाही, हेही ध्यानात घ्या. कापड गिऱ्हाइकाला हाताने चाचपून पाहता येते. तांदूळ शिजवून पाहता येतो. औषधाची पारख रोग्याला होत नाही. ते डॉक्टर लिहून देतो आणि रोगी विश्वासाने घेतो. एका गोळीत द्रव्य कमी पडले तर रोग हटत नाही, जास्त झाले तर अपाय होतो. इंजेक्शन निर्जंतुक नसेल तर जिवावर बेतते. त्यामुळे डॉक्टर आपली जुनी, माहितीची परदेशी औषधे सहजासहजी सोडत नसत. देशी मालाची आधीच बदनामी झालेली, त्यात नव्या कंपनीचे नाव कोणी ऐकलेले नाही. अशा ठिकाणी विश्वास पैशाने विकत घेता येत नाही. तो एकेका बाटलीने मिळवावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात.

१७ ऑगस्ट १९३५ रोजी कंपनीची नोंदणी झाली. नाव ठेवले केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जोडून सिप्ला हा शब्द झाला. कंपनीचे अधिकृत भांडवल सहा लाख रुपये होते. अधिकृत भांडवल म्हणजे जेवढ्या रकमेचे भाग विकण्याची परवानगी असते तेवढी रक्कम. ती तिजोरीत पडलेली नसते. लोकांच्या दारी जाऊन, आपली योजना समजावून सांगून एकेक भाग खपवावा लागतो. जी वस्तू अजून तयार झालेली नाही तिच्यासाठी पैसे मागणे किती अवघड असते, हे ज्याने मागितले असतील त्यालाच कळेल.

मग जागेचा शोध सुरू झाला. मुंबई सेंट्रलजवळ बेलासिस रोडवर काही खोल्यांचा एक लहान बंगला मिळाला. तो वीस वर्षांच्या कराराने, महिना ३५० रुपये भाड्याने घेतला. तेथे प्रयोगशाळा आणि कारखाना मांडावयाचा होता. पहिली औषधे बाजारात नेण्यासारखी तयार होऊन कंपनीचे रीतसर उद्घाटन झाले ते २२ सप्टेंबर १९३७ रोजी. तारखा पुन्हा पाहा. नोंदणीपासून पहिल्या मालापर्यंत दोन वर्षे आणि वर एक महिना गेला. एवढ्या अवधीत कंपनीकडे विकायला काही नव्हते. याच काळात, जुलै १९३६ मध्ये, लुबाबाईंच्या माहेरच्या विल्ना शहरी त्यांच्या पुत्राचा, युसूफचा, जन्म झाला. घरात पाळणा हलला होता आणि कारखान्यात अजून पहिली बाटली भरलेली नव्हती.

पालकहो, नवे उद्योग बुडतात ते बहुधा याच टप्प्यावर. कल्पना वाईट असते म्हणून बुडणारे थोडे. पहिला खर्च आणि पहिली विक्री यांच्या मधला कोरडा काळ किती लांबेल याचा हिशेब केलेला नसतो, म्हणून बुडणारे फार. पाऊस मृगात पडेल असे धरून बी पेरले आणि तो आर्द्रातही आला नाही, तर ज्याच्या कणगीत धान्य आहे तोच शेतकरी दुबार पेरणी करू शकतो. उद्योगाचेही तसेच आहे. या कोरड्या काळात मालकाचा हात कोठे जातो यावर सारे अवलंबून असते. लोकांच्या भागभांडवलातून स्वतःसाठी मोठे वेतन घेणारे असतात. मोटार घेणारे, कचेरी सजवणारे असतात. माल धंद्यावर येण्याआधीच गंगाजळी आटते.

डॉ. हमीद यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ अनेक औषधांची स्वतः सिद्ध केलेली सूत्रे होती, त्यांवरचे हक्क होते. ही त्यांची आयुष्याची कमाई. त्यांनी मनात आणले असते तर प्रत्येक बाटलीमागे रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन, लावून घेता आले असते आणि ते कायद्याला धरून झाले असते. त्यांनी ही सर्व सूत्रे कसलेही स्वामित्वधन न घेता कंपनीच्या स्वाधीन केली. दुसऱ्याने पैसा घातला, त्यांनी विद्या घातली. कंपनी तगली तर आपण तगू, असा हा व्यवहार होता. लोकांचा पैसा घेऊन धंदा करणाऱ्याचा खिसा आणि धंद्याचा गल्ला यांच्यामध्ये भिंत हवी असे आपण म्हणतो. ती भिंत त्यांनी पहिल्या दिवशी बांधली.

कंपनी चालू लागली, नाव होऊ लागले. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली. पुढे दोन महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले. जर्मनीचा माल बंद झाला. इंग्लंडहून येणाऱ्या जहाजांचा भरवसा राहिला नाही. दवाखान्यांत औषधांची चणचण सुरू झाली. जे डॉक्टर काल देशी औषधाकडे साशंक नजरेने पाहत होते, त्यांना आता दुसरा मार्ग उरला नव्हता. १९४१ मध्ये सिप्लाने सूक्ष्म रसायनांचे उत्पादन सुरू केले आणि युद्धकाळच्या गरजेसाठी आपली सर्व साधने लावली.

कोणी म्हणेल, युद्ध आले म्हणून त्यांचे फावले. हे म्हणणे अर्धे खरे आहे. युद्धामुळे बाजार खुला झाला यात शंका नाही. असा प्रसंग आला नसता तर कंपनीला आणखी किती वर्षे झगडावे लागले असते हे सांगता येत नाही. पण ज्याने १९४१ मध्ये जागा शोधायला सुरुवात केली असती त्याला त्या संधीचा काय उपयोग होता? जागा होती, यंत्रे होती, शिकून तयार झालेली माणसे होती, चार डॉक्टरांचा अनुभव जमेस होता. संधी दारावर आली तेव्हा घरात चूल पेटलेली होती. नशीब म्हणतात त्याचा मोठा भाग या पूर्वतयारीत असतो. आणखी एक गोष्ट पाहा. बेलासिस रोडची ती भाड्याची जागा कंपनीने विकत घेतली ती १९४४ मध्ये, म्हणजे माल बाजारात येऊन सात वर्षे झाल्यावर. आधी धंदा, मग वास्तू, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

डॉ. हमीद केवळ आपल्या कारखान्यापुरते पाहणारे नव्हते. उद्योगाला संशोधनाचा आधार नसेल तर देश कायम दुसऱ्याच्या सूत्रांवर जगेल, हे त्यांनी जर्मनीत पाहिले होते. म्हणून सरकारने औद्योगिक संशोधनाची संस्था उभारावी असा आग्रह धरून त्यांनी तिचा आराखडा मांडला. १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे धुरीण डॉ. शांतिस्वरूप भटनागर होते. तिच्या नियामक मंडळावर डॉ. हमीद यांनी काम केले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही याच परिषदेची. ती १९५० मध्ये सुरू झाली. आपल्यापैकी ज्यांची मुले रसायनशास्त्र शिकतात त्यांनी पुण्यास गेल्यावर ती जरूर पाहावी.

सार्वजनिक जीवनातही त्यांनी आपला मार्ग स्वतः निवडला. १९३७ च्या निवडणुकीत मुस्लिम लीगच्या तिकिटावर न जाता ते स्वतंत्र उभे राहिले आणि निवडून आले. तेव्हापासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या विधिमंडळात होते. मुंबईचे शेरीफपदही त्यांनी भूषवले. फाळणीला त्यांचा विरोध होता. १९४७ मध्ये अनेक धनिक आणि शिक्षित मंडळी सीमेपलीकडे गेली. डॉ. हमीद येथेच राहिले. कारखाना येथे, कामगार येथे, ज्यांच्यासाठी औषधे करायची ते रोगीही येथेच, मग जायचे कोठे? ज्या मातीत आपण झाड लावले तेथेच त्याला पाणी घालायचे, अशी ही निष्ठा होती.

स्वातंत्र्यानंतर कंपनी वाढत गेली. १९५२ मध्ये संशोधन विभाग निघाला. १९६० मध्ये विक्रोळीचा दुसरा कारखाना सुरू झाला. १९६८ मध्ये ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक तेथे तयार होऊ लागले. तरी एक अडथळा मोठा होता. १९११ च्या जुन्या पेटंट कायद्यानुसार एखाद्या औषधाचा हक्क परदेशी कंपनीकडे असला की, ते औषध दुसऱ्या रीतीने तयार करता येत असूनही देशी कारखानदाराला ते करता येत नसे. सिप्लासारख्या देशी कंपन्यांनी हा कायदा बदलण्याची मागणी लावून धरली. १९७० मध्ये नवा कायदा संमत झाला. त्यात औषधाच्या वस्तूवर हक्क न देता फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर हक्क देण्याचे ठरले. हा कायदा २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, डॉ. हमीद पैगंबरवासी झाले. दार उघडलेले त्यांनी पाहिले. त्यातून आत जाण्याचे काम पुढच्या पिढीकडे आले.

ती पिढी तयार होती. पुत्र डॉ. युसूफ हमीद यांनी केंब्रिज येथे रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि १९६० मध्ये ते कंपनीत आले. म्हणजे मालकाचा मुलगा म्हणून गादीवर येण्याआधी त्यांनी वडिलांचीच विद्या मुळापासून शिकून घेतली. पेटंटचा कायदा २००५ मध्ये पुन्हा बदलला, पण मधल्या तीन दशकांत भारत जगाला औषधे पुरवणारा देश झाला. २००१ मध्ये एड्सवरील तीन औषधांच्या उपचाराला एका रोग्यामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. त्या वेळी सिप्लाने गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. आफ्रिकेतील असंख्य रोग्यांना त्याने जीवनाची आशा दिली. बेलासिस रोडच्या बंगल्यात दोन वर्षे धीर धरला गेला नसता, तर हे औषध कोणी दिले असते?

आता या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रत्येकाने नोकरी सोडून कारखाना काढावा, असे मुळीच नाही. डॉ. हमीद यांना शिकलेले घर लाभले होते, परदेशी शिक्षणाची संधी मिळाली होती, हे विसरून चालणार नाही. आणि धीर धरणारा प्रत्येकजण यशस्वी होतोच असेही नाही. पण ज्या मुलाला ही वाट धरायची आहे, त्याच्या बाबतीत पालकांनी काही गोष्टी तपासाव्यात. त्याला त्या कामातील विद्या खरोखर येते की केवळ हौस आहे? पहिली विक्री ठरल्यापेक्षा वर्षभर उशिरा झाली तर घर कशावर चालेल, याचा हिशेब कागदावर मांडला आहे का? बहिणीचे दागिने आणि राहते घर गहाण ठेवून तर हे चालले नाही ना? दुसऱ्याचा पैसा घेतला असेल तर त्याचा जमाखर्च वेगळा ठेवला आहे का? कोणी तपासणारा नसताना मालात खोट न ठेवण्याइतका तो कडक आहे का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या मुलाला घाबरवू नका. दर महिन्याला पगार किती हे विचारण्याऐवजी काम कोठवर आले हे विचारा. कोरड्या काळात घरच्यांचा टोमणा बाजारातल्या तोट्यापेक्षा जास्त खचवतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत परीक्षानळी धुताना किंवा संगणकापुढे बसलेले असताना एवढे ध्यानात ठेवा. डॉ. हमीद यांनी कंपनीला दिलेले पहिले भांडवल नोटांच्या पुडक्यात नव्हते. ते त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास करून डोक्यात साठवले होते. ते भांडवल साठवायला आपल्या शाळा-महाविद्यालयांची दारे आज आपल्याला उघडी आहेत. त्याचा उपयोग नोकरीत करा वा उद्योगात करा, पण ते पुरेपूर साठवा. अल्लाह तआला आपल्या मुलांच्या इल्ममध्ये आणि मेहनतीत बरकत देवो.